कोरी फिल्म



शॉप रिकामे झाल्यावर रात्री अकराला ज्यांचा कामाचा दिवस सुरू होतो, त्या आर.टी.च्या, म्हणजे रेडिओग्राफी तपासणीच्या, मुलामुलींच्या वतीने मी या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान स्वीकारतो. दोर बांधायचा, लाल दिवा लावायचा, सर्व्हे मीटर हातात धरायचे आणि मगच किरणोत्सर्गी सोर्स कॅमेऱ्याबाहेर काढायचा. वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून आलेल्या इरिडियम-192 ची ताकद 74 दिवसांत निम्मी होते. आज चार मिनिटांत होणाऱ्या शॉटला अडीच महिन्यांनी आठ मिनिटे लागतात, आणि फिल्म मात्र तेवढीच काळी यावी लागते.

या कामाला आपण दोष शोधणे म्हणतो. माझ्या मते ते साक्ष देणे आहे. विकणारा आणि घेणारा यांचा एकमेकांवर विश्वास नसतो, म्हणून आपल्याला मध्ये उभे करतात.

उमेदवारीच्या दिवसांत एका प्रेशर व्हेसलच्या फिल्मा मी तपासत होतो. चौदा नंबरचा जॉइंट पास केला. पुढे एकतीस नंबर व्ह्यूअरवर लावला आणि हात थांबला. तीन बारीक पोअर, म्हणजे छिद्रे, त्यांतले मधले जरा खाली उतरलेले. हे तर आत्ताच पाहिले होते! दोन्ही फिल्मा एकावर एक ठेवल्या. शिशाचे आकडे वेगळे, पण पोअर तंतोतंत जुळले. एकच जॉइंट दोनदा शूट करून आकडा बदलला होता. खरा एकतीस नंबर कसा होता, हे कुणीच पाहिले नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण त्या दोन फिल्मांनी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे प्रत्येक वस्तूचा ठसा वेगळा असतो. आज मला बोलायचे आहे ते या ठशाबद्दल. शस्त्रांच्या तपासणीतही तोच लागतो.

1987 च्या आयएनएफ कराराने अमेरिका आणि सोव्हिएत संघाने मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडीत काढायचे ठरवले. एसएस-20 या सोव्हिएत क्षेपणास्त्रावर बंदी आली, एसएस-25 ला परवानगी राहिली, आणि दोन्हींचा पहिला टप्पा बाहेरून सारखाच दिसायचा. मग व्होटकिन्स्कच्या कारखान्याच्या फाटकावर अमेरिकन तपासनीस बसले आणि 1990 मध्ये तिथे ‘कार्गोस्कॅन’ नावाचे मोठे क्ष-किरण यंत्र आले. बंद डब्यातून क्षेपणास्त्र बाहेर पडायचे, तेव्हा डबा न उघडता त्याचा ठरलेला भाग पाहायचा. उरलेला भाग पाहायचा हक्क त्यांना नव्हता.

आपल्याला सगळे दाखवण्याचे शिक्षण मिळते. तिथे न दाखवण्याचे कसब लागते. जुलै 1989 मध्ये याल्टाजवळ ‘स्लावा’ या सोव्हिएत युद्धनौकेवर अमेरिकन शास्त्रज्ञांनी क्षेपणास्त्राच्या नळीवर गॅमा डिटेक्टर ठेवला. नळीच्या आत अण्वस्त्र होते. युरेनियम आणि प्लुटोनियमच्या रेषा आलेखात उमटल्या. आत खरेच अण्वस्त्र आहे हे सिद्ध झाले, पण असा आलेख त्याच्या रचनेबद्दलही बोलतो. ती माहिती कुठलाही देश परक्याला देणार नाही, आणि देऊही नये. बॉम्बची कृती तपासनिसाच्या वहीत उतरली, तर त्या तपासणीने जग अधिक असुरक्षितच होईल.

या पेचावरचा मला सर्वांत आवडलेला तोडगा 2014 मध्ये ग्लेझर, बराक आणि गोल्डस्टन या शास्त्रज्ञांनी मांडला. फिल्मच्या भाषेत सांगतो. अस्सल म्हणून ओळख पटलेले एक अस्त्र आहे, आणि तपासायची दुसरी अस्त्रे आहेत. यजमान देश बंद दाराआड अस्सल अस्त्राच्या प्रतिमेची उलटी प्रत, म्हणजे निगेटिव्ह, डिटेक्टरांवर आधीच भरून ठेवतो. कोणते भरलेले डिटेक्टर कोणत्या अस्त्रामागे लावायचे, हे तपासनीस ऐनवेळी ठरवतो. मग न्यूट्रॉनांचा मारा होतो. समोरचे अस्त्र अस्सलच असेल, तर प्रतिमा आणि उलटी प्रत मिळून सगळीकडे एकसारखा आकडा उरतो. रेघ नाही, सावली नाही. नकली असेल, तर फरक तिथेच उघडा पडतो. आपण जी कोरी फिल्म रिजेक्ट करून टाकतो, तीच तिथे प्रमाणपत्र होते! 2016 मध्ये पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यांवर ही कल्पना प्रयोगात उतरली.

आपला याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारेल. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस 1971 च्या त्रिपक्षीय करारापासून येत आले आहेत. सील, कॅमेरे, इंधनाचा हिशेब यांची आपल्या मातीला सवय आहे. दुसरीकडे, 31 डिसेंबर 1988 च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान 1992 पासून दर 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. संबंध किती बिघडले तरी ती देवघेव चालू राहिली, याचे मला मोल वाटते. पण त्या याद्या शब्दावर घ्याव्या लागतात. त्यांच्यामागे डिटेक्टर नाही. उद्या दोन देशांना तपासणीची बुद्धी झालीच, तर यंत्र आणि माणसे तयार हवीत. करारावर सह्या झाल्यावर ती शोधत बसलो, तर फार उशीर झालेला असेल. लेव्हल टूची परीक्षा दिलेल्या तुमच्यातल्या दहा जणांनी जरी न्यूट्रॉन मापनाकडे वळायचे ठरवले, तरी या परिषदेचे काम झाले असे मी मानीन.

वाळूजच्या एका फाउंड्रीतून मी दोन कास्टिंग आणली आहेत. दिसायला जुळी, पण एकाच्या पोटात ब्लो होल आहे. चांगल्या कास्टिंगच्या फिल्मची उलटी प्रत आमच्या डार्करूममध्ये काढून ठेवली आहे. उद्या सकाळी नऊला, चहाच्या आधी, दोन्ही कास्टिंगच्या फिल्मा आळीपाळीने त्या प्रतीवर ठेवून व्ह्यूअर लावू. कोणती फिल्म कोणत्या कास्टिंगची, हे मी सांगणार नाही. तुम्हीच ओळखा.