दाढी किती दिवसांनी करावी?

आजचा विषय ऐकून काही मंडळी मिशीतल्या मिशीत हसतील. ‘दाढी करायला आता रेडिओनं शिकवायचं का?’ असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. जी गोष्ट आपण वर्षानुवर्षे करतो, तिचाच विचार आपल्याकडून सर्वांत कमी होतो, असा मला डॉक्टरकीत अनुभव आहे.

एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षक माझ्याकडे आला. भर उकाड्यात गळ्याला उपरणे गुंडाळलेले. ते सोडवले, तर हनुवटीखाली लाल फोडच फोड. गडी रोज सकाळी घोटून दाढी करी, एकदा सुलट, एकदा उलट. फोड दिसू लागले तसा तो आणखीच घोटू लागला, वर तुरटी चोळू लागला. पुढे एके ठिकाणी लग्नाची बोलणी चालली असता मुलीकडच्यांनी विचारले, ‘हा रोग घरात पसरणारा तर नाही ना?’ बोलणी तिथेच थांबली. बिचारा अगदी खचून गेला होता.

आता हा रोग होता तरी काय? ज्यांचे केस राठ आणि वळणाचे, त्यांना हा त्रास अधिक होतो. पात्याने केस तिरका कापला जातो, त्याला टोक येते. वाढता वाढता ते टोक वळून पुन्हा कातडीत शिरते. बाभळीचा काटा पायात मोडला म्हणजे भोवतीची जागा जशी सुजते, तसेच इथे होते. फरक एवढाच, की इथे काटा आपल्याच केसाचा! हा त्रास एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

उपाय सोपा, पण धीराचा. तीन-चार आठवडे पात्याला हात लावायचा नाही. दाढीचा केस महिन्याकाठी सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो. तेवढा वाढला, की अडकलेले टोक बहुधा आपोआप बाहेर येते. मात्र सुईने टोकरू नये, नखाने फोडू नये. ‘पण डॉक्टर, असे खुंट वाढवून शाळेत जाऊ कसा?’ गुरुजींनी विचारले. मी म्हटले, ‘आषाढ संपत आलाय. श्रावण पाळतो म्हणा!’ आपल्याकडे पुष्कळ घरी श्रावणात दाढी करीत नाहीत. त्यामुळे गुरुजींना कुणी काही विचारले नाही, आणि महिनाअखेर मान स्वच्छ झाली.

मग दाढी किती दिवसांनी करावी? मंडळी, याला एकच एक नियम नाही. प्रत्येक दाढीत केसांबरोबर कातडीचा अगदी वरचा पातळ थरही थोडा खरवडला जातो. तो भरून यायला वेळ लागतो. ज्याची कातडी आग करीत नाही, त्याने रोज दाढी केली तरी बिघडत नाही. ज्याची आग होते, त्याने मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. कुणी सोमवार पाळतो, कुणी गुरुवार, कुणी शनिवार. त्या निमित्ताने कातडीलाही सुटी मिळते.

दाढीपूर्वी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस भिजवावेत. भिजलेला केस मऊ होतो, सहज कापला जातो. साबणाचा फेस भरपूर करावा. पाते धारदार असावे, हात हलका असावा, आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने फिरवावा. उलटा हात मारू नये. शेवटी गार पाण्याने तोंड धुऊन टिपून घ्यावे, पुसताना घासू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. एकाचे पाते दुसऱ्याने वापरू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना! न दिसणाऱ्या रक्ताच्या कणातूनही ‘ब’ प्रकारची कावीळ जाऊ शकते. तिचे विषाणू अंगाबाहेर सात दिवस तग धरतात. म्हणून केशकर्तनालयात बसताना नवे पाते आवर्जून मागून घ्या. त्यात आपल्या नाभिक बंधूंचा अपमान नाही. त्यांच्याही जिवाचे त्यात रक्षण आहे.

शेतकरी बंधूंनी आणखी एक ध्यानात ठेवावे. गजकर्ण झालेल्या जनावरापासून ते माणसाच्या दाढीतही येते. गोल चट्टा पडला, केस सुटू लागले किंवा पू आला, तर वरून वस्तरा फिरवू नका. दवाखाना गाठा.

शिक्षक बंधूंना एक विनंती. आठवी-नववीतली पोरे दाट दाढी यावी म्हणून चोरून वडिलांचे पाते फिरवतात. त्यांना सांगा, की 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधक बाईंनी केस मापून पाहिले, आणि दाढी केल्याने केस दाट किंवा राठ होत नाहीत असे दाखवून दिले. कापलेले टोक बोथट असते, म्हणून हाताला खरखरीत लागते, इतकेच.

आणि हो, आपल्या त्या गुरुजींचे पुढे काय झाले? तुळशीचे लग्न लागले आणि पाठोपाठ त्यांचेही! आता ते आठवड्यातून दोनदाच दाढी करतात. उपरणे मात्र अजून वापरतात, पण फक्त थंडीत. बरंय मंडळी, रामराम!