रुग्णाची कैफियत



लेखन करणाऱ्या डॉक्टरांच्या या संमेलनाचे अध्यक्षस्थान आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. वैद्यक आणि विद्याव्यासंग यांचा स्नेह आपल्याकडे काल-परवाचा नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 मध्ये जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तीत असलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे कुष्ठरोगावर औषध शोधण्यात गढलेले वैद्य होते आणि त्याच वेळी प्राचीन शिलालेखांचे व संस्कृत ग्रंथांचे साक्षेपी अभ्यासकही होते. मनुष्याचा देह आणि मनुष्याचा भूतकाळ यांविषयी एकाच बुद्धीला सारखेच कुतूहल वाटू शकते, हे आपल्या परंपरेच्या आरंभीच सिद्ध झालेले आहे.

आयुष्यभर रुग्ण तपासणाऱ्याची माणसाकडे पाहण्याची दृष्टी कशी घडते, या एकाच प्रश्नाविषयी आज मला बोलावयाचे आहे. दुःख आणि मृत्यू नित्य पाहून डॉक्टर कठोर होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काही कठोरता येते हे मी नाकारीत नाही. रक्त पाहून हात कापू नये इतकी ती यावीच लागते. परंतु ज्याने हा व्यवसाय मनोभावे केला, त्याच्या ठिकाणी याहून महत्त्वाचा असा एक पालट घडून येतो, आणि तो म्हणजे दुसऱ्याच्या वर्तनाविषयी तत्काळ निवाडा देण्याची जी प्रवृत्ती आपणां सर्वांना उपजतच असते, ती हळूहळू क्षीण होत जाते.

क्षयाचे उदाहरण घेतो. या रोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, पैकी पहिले दोन महिने चार औषधांचा. पण ताप आणि खोकला काही आठवड्यांतच उतरू लागतात, अन्न गोड लागते, आणि नेमक्या त्याच सुमारास रुग्ण दवाखान्यात यायचा थांबतो. केसपेपरवर 'उपचार सोडला' असा शेरा मारून आपण त्याच्या अडाणीपणाचा निकाल देतो आणि मोकळे होतो. त्याची कैफियत मात्र निराळी असते. बीड जिल्ह्यातील एखाद्या ऊसतोड मजुराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळी उलटली की पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या फडावर त्याला हजर व्हावेच लागते. आणि ही उचल नवराबायको मिळून जो 'एक कोयता' होतो त्याच्या नावावर असल्यामुळे, एकाने अंथरूण धरले तर फेडीचा सगळा भार दुसऱ्याच्या अंगावर पडतो. औषध पुरे करावे की उचल फेडावी, असा पर्याय त्याच्यापुढे कोणी ठेवलेलाच नसतो.

याच फडांतील स्त्रियांवर झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये महाराष्ट्र शासनाला समिती नेमावी लागली, ही गोष्ट आपल्याच व्यवसायाच्या सभेत उच्चारताना मला क्लेश होतात. परंतु ती न उच्चारणे अधिक लांच्छनास्पद ठरेल. कामावर खाडा पडला की दंड, राहण्याच्या पालाजवळ पाण्याची वा शौचाची सोय नाही, अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाते अशी तक्रार घेऊन आलेल्या तरुण स्त्रीला संसर्गावरचे साधे औषध देण्याऐवजी, कर्करोगाचे भय घालून पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला देणारे लोक आपल्यातच निघाले. त्यांनी तिची तक्रार एका अवयवापुरती ऐकली. ती कोठे राहते, किती ओझे उचलते, पाणी कोठून आणते, हे त्यांनी विचारले नाही.

माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जाते यावर उपचाराचे सारे स्वरूप अवलंबून असते, याचा सर्वांत बोलका दाखला मला प्लेगच्या इतिहासात दिसतो. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोमंतकीय असलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढील वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला, आणि पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. त्या अंमलाविषयी लोकांच्या मनात किती दाह साचला होता, हे 22 जून 1897 च्या रात्री तेथील प्लेग-बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर झाडल्या गेलेल्या गोळीने सरकारला कळले. त्याच पुण्याच्या बाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत हेही रुग्णांना वस्तीपासून दूर आणून त्यांच्यावर उपचार करीत होते, आणि ती शुश्रूषा करीत असतानाच रोगाची लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. रोग्यास विलग करणे हे शास्त्रदृष्ट्या त्याज्य नव्हते. सरकारी अंमलदारही तेच करीत होते आणि सावित्रीबाईही तेच करीत होत्या. अंमलदारांनी रोगाचा बंदोबस्त करावयास घेतला आणि रोगी हा त्या बंदोबस्तातील संशयित ठरला. सावित्रीबाईंना तो आपला माणूस वाटला. एवढ्या एका फरकाने एका विलगीकरणाची दहशत बसली आणि दुसऱ्याचा आधार वाटला. साथ आली की हा फरक आपल्याला प्रत्येक वेळी नव्याने शिकावा लागतो, याचे मला फार दुःख आहे.

निवाडा केवळ दोषांचा नसतो, क्षमतेचाही असतो. खेड्यातील थोड्या शिकलेल्या बाईला काय जमणार, हा आपल्या विद्येचा जुना ग्रह. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, बाळाचा श्वास मोजण्यापासून जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंत. आणि तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, हे 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. ज्याने हे वाचले आहे त्याने वॉर्डातील मावशीला, किंवा रुग्णाच्या पायथ्याशी रात्रभर बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईला, नुसती गर्दी समजू नये. रात्री रुग्णाची तगमग प्रथम कोणाच्या ध्यानात येते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

निवाडा तहकूब ठेवणे म्हणजे न्यायान्यायाविषयी उदासीन होणे, असा अर्थ कोणी काढू नये. रुग्णावरचा राग ओसरला की तो योग्य ठिकाणी वळतो: उचलीच्या पद्धतीवर, फडावर नसलेल्या पाण्यावर, आणि ऐकण्याआधी सुरी उचलणाऱ्या आपल्याच सहव्यवसायींवर. हा राग डॉक्टराला असलाच पाहिजे, आणि तो लेखणीतून उतरला पाहिजे, कारण दप्तरी राहणाऱ्या कागदांत त्याला जागा नाही. तेथे निदान असते, मात्रा असते, शेरा असतो.

म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांतील माझ्या अध्यापक मित्रांना माझी एकच विनंती आहे. बाह्यरुग्ण विभागात विद्यार्थ्याला प्रथम रुग्णासमोर बसवाल, तेव्हा रुग्ण आपण होऊन थांबेपर्यंत त्याला मध्ये बोलू देऊ नका. आणि जे ऐकले ते रुग्णाच्याच शब्दांत, मराठीत, त्याच दिवशी लिहून आणावयास सांगा. पुढील संमेलनात अध्यक्षीय भाषणाआधी अशा काही कैफियती येथे वाचल्या जाव्यात, अशी तजवीज संयोजकांनी करावी.