चूल धुरकटते का? मग आधी चुलीकडे बघा



बियाणं, राब, खत यांच्या गोष्टी आपण नेहमीच करतो. आज घरातल्या अशा एका वस्तूबद्दल बोलायचं आहे, की जिची आठवण पुरुष मंडळींना जेवायला उशीर झाला की मगच होते. ती म्हणजे चूल. तुम्ही म्हणाल, आता घरोघर गॅस आला. खरं आहे. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि डोंगराकडच्या वाड्यांवरही सिलिंडर दिसू लागला. पण आंघोळीचं पाणी कशावर तापतं? तांदळाच्या भाकऱ्या कशावर होतात? सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले, की भात कशावर शिजतो? आपल्या पनवेल तालुक्यात चूल गेलेली नाही, ती मागीलदारी गेली आहे. आणि मागीलदारी गेल्यामुळे तिची डागडुजी मात्र थांबली.

ह्याचा त्रास कोणाला? फुंकणी घेऊन बसते तिला, आणि तिच्या मांडीवरच्या लेकराला. रोजच्या धुराने डोळे तर चुरचुरतातच, पण दम्यासारखे छातीचे विकार जडतात आणि लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. घरातल्या अशा धुरापायी 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा ही गोष्ट बायकांची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक करा. चूल पेटवा, टोप ठेवा आणि दोन हात लांब बसून पाच मिनिटं नुसतं बघा. धूर पुढच्या तोंडातून मागे फिरतो का? मग लाकडाखाली हवा पोचत नाही, किंवा आतली वाट राखेने तुंबली आहे. जाळ टोपाच्या कडेने वर उसळतो का? मग टोप आणि चूल यांच्यात फट जास्त आहे. तुमचं जळण टोपाला न लागता आभाळाला लागतं आहे. टोपाचं बूड रोज जाड काजळी धरतं का? तर टोप जाळाच्या फार जवळ आहे. जाळ पुरता पेटण्याआधीच थंड भांड्याला टेकतो आणि विझून त्याची काजळी होते.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणाचा उपाय म्हणजे जाळी. घरात पडलेल्या लोखंडी सळयांचे तुकडे बोटभर अंतराने बांधून घ्या आणि दोन विटांच्या तुकड्यांवर चुलीच्या आत ठेवा. लाकूड जाळीवर राहील, राख खाली पडेल आणि खालून वारा खेळेल. मग फुंकणीचं काम निम्मं झालं म्हणून समजा. फक्त खालची राख रोज काढली पाहिजे, नाहीतर जाळी असून नसल्यासारखी. जाळीपासून टोपाच्या बुडापर्यंत सुमारे 6 इंच अंतर ठेवा. वर टोप ज्या तीन बोंडांवर बसतो, ती बोटभरच उंच असू द्या. झिजली असतील तर माती चढवा, फार उंच असतील तर तासा.

वैल असेल तर तिकडेही लक्ष द्या. वैलावर भांडं नसताना तिचं तोंड झाकून ठेवायचं. उघड्या वैलातून जाळ नुसता पळून जातो. चुलीकडून वैलाकडे जाणारी वाट वर चढती हवी आणि वैलाच्या आत मातीचा छोटा उंचवटा हवा, म्हणजे जाळ भांड्याच्या बुडाला घासून जाईल.

तडे बुजवताना बहुतेक ठिकाणी चूक होते ती ही, की कोरड्या चुलीवर ओली माती थापली जाते. ती आठ दिवसांत पोपडा होऊन सुटते. तडा आधी विळ्याच्या टोकाने खरवडून मोठा करा, पाणी शिंपडून जुनी माती भिजू द्या, मग शेणमातीचा दाट काला चोळा आणि त्यावर माती भरा. मातीचं माप असं: वारुळाची माती दोन घमेली, भाताचं तूस एक घमेलं, ताजं शेण अर्धं घमेलं. रात्रभर भिजवून पायाने तुडवा. एक लाडू वळून दोन दिवस सावलीत ठेवा. तडकला तर तूस वाढवा, भुगा झाला तर माती वाढवा. तुसाने माती हलकी होते आणि चुलीची ऊब भिंतीत न मुरता टोपाला मिळते. खाडीकाठच्या गावांनी एक सांभाळा. खाजणातली माती चुलीला लावू नका, खारामुळे ती ओल धरते आणि तिचे पोपडे निघतात.

धुराड्याविषयी थोडं स्पष्ट बोलतो. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे 1983 साली केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला, तो 2002 पर्यंत चालला. दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल आपल्या राज्यात तेव्हाच घरोघर गेली. चूल चांगली, पण धुराडं साफ करावं लागतं. आमच्याच घरी आम्ही हौसेने धुराडं बसवलं आणि वर्षभर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. काजळीने नळ बंद झाला, धूर पुन्हा घरात. आईने एक दिवस वैतागून भोकावर दगडच ठेवला! चूक चुलीची नव्हती, आमची होती. महिन्यातून एकदा काठीला गोणपाट बांधून नळ झाडला असता तर ती वेळ आली नसती. आईची आणखी एक तक्रार होती, तीही खोटी नव्हती: माळ्यावरच्या बियाण्याला आणि सुक्या मासळीला धूर मिळेना, कीड लागली. तेव्हा धुराडं बसवायचं तर बियाणं कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची तयारीही करा.

नळ 4 इंच व्यासाचा, छपराच्या वर निदान 2 फूट. पावसाळी वाऱ्याने धूर उलटतो, म्हणून वर टोपी हवीच. पेंढ्याचं छप्पर असेल तर नळाभोवती पत्रा लावून जागा मोकळी ठेवा, नाहीतर आगीला निमंत्रण. ॲस्बेस्टॉसचा जुना पाइप कापत बसू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. धुराडं जमत नसेल तर चुलीवरचं एखादं कौल उचलून झडप करा. तेवढ्यानेही फरक पडतो.

जळण ओलं असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. ओल्या फाट्यांची बरीच ताकद स्वतःचं पाणी आटवण्यात जाते. राबासाठी टहाळ तोडता तेव्हा जाड फांद्या वेगळ्या काढा, मनगटापेक्षा बारीक फोडा आणि होळीपासूनच वाळवून पडवीत रचा. टोपावर झाकण ठेवा. भाताला चांगली उकळी येऊन पाच-सात मिनिटं झाली, की टोप झाकणासकट उतरवून पेंढा भरलेल्या टोपलीत ठेवा आणि वरून गोधडी घाला. अर्ध्या-पाऊण तासात भात आपोआप शिजतो.

हे सगळं काम अक्षय्यतृतीयेच्या आत उरका. मिरगाचा पाऊस लागला की माती वाळत नाही. दुरुस्त केलेली चूल आठ दिवस सावलीत वाळू द्या, मधूनमधून ओल्या हाताने बारीक तडे दाबा. मग पहिले दोन दिवस काटक्यांचा मंद जाळ करून फक्त पाणी तापवा. भाकरीचा तवा तिसऱ्या दिवशी.