दहा दिवस घराबाहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण गेल्या वर्षी मी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले, त्याविषयी चार शब्द सांगा असा आपण आग्रह धरलात, म्हणून उभी आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

तेव्हा आमच्या सासूबाईंना अर्धांगवायू होऊन तीन वर्षे झाली होती. अंग पुसणे, भरवणे, कुशीवर वळवणे, सारे माझ्याकडे. काम मला जड नव्हते; जड झाला होता माझा राग. एके दिवशी त्यांनी तोंडातली पेज बाहेर टाकली आणि मी हातातली वाटी जमिनीवर आपटली. त्या घाबरून माझ्याकडे पाहत राहिल्या. ती नजर मला रात्री झोपू देईना. शेजारच्या वहिनींजवळ रडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही एकदा इगतपुरीला जाऊन या."

मला हसूच आले. शिबिर दहा दिवसांचे, पण आदल्या दिवशी पोचायचे आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचे, म्हणजे बारा दिवस घर सोडायचे! पैशांची अडचण नव्हती. तिथे राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत. शिबिर पुरे झाल्यावर ज्याने त्याने मनाला येईल ते दान द्यावे. अडचण सासूबाईंची. माझ्या कामात सदा खोट काढणाऱ्या आमच्या वन्सं, त्यांनाच ह्यांनी फोन केला. वन्सं म्हणाल्या, "माझी आईच ना ती? येते मी."

दादरहून कसाऱ्याची लोकल आणि पुढे घाट चढून इगतपुरी. तिथले धम्मगिरी केंद्र १९७६ सालापासूनचे. ते स्थापणारे गोएंका गुरुजी मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. डोकेदुखीने बेजार होऊन ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर केवळ डोकेदुखीसाठी ही विद्या नाही, असे त्यांनी बजावले. पुढे १९६९ साली गुरुजी भारतात आले आणि त्यांचे इथले पहिले शिबिर आपल्या मुंबईतच झाले. २०१३ साली ते वारले. आता शिकवण त्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजात चालते.

पहाटे चारला घंटा. साडेचारपासून बैठक. दिवसाकाठी दहा तास बसणे. अकराला जेवण, पाचला आम्हा नव्यांना चहा नि फळ; रात्रीचे जेवण नाही. मोबाईल आधीच जमा. बोलायचे नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. दहाव्या दिवशी मौन सुटते.

पहिले तीन दिवस फक्त येताजाता श्वास पाहायचा. पण माझे मन स्वयंपाकघरात! वन्संना औषधाची पुडी सापडली असेल का? चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत जे जाणवेल ते नुसते पाहायचे, त्यावर चिडायचे नाही की हुरळायचे नाही. आणि तासभर हातपाय न हलवता बसायचे. माझे गुडघे पेटले. सहाव्या दिवशी मी बॅग भरली होती. दुपारच्या बैठकीत दातओठ खाऊन बसले असता एकाएकी मनात आले, मला तासाने पाय हलवता येईल. सासूबाईंना तीन वर्षे तो हलवता आलेला नाही. मी रडले, आणि बॅग पुन्हा उघडली.

घरी आले तेव्हा वन्सं थकून गेल्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही हे तीन वर्षे कसे केलेत?" मला शिकायला इगतपुरी लागली, त्यांना आमचे घर पुरले. आता दर बुधवारी त्या येतात.

राग गेला असे म्हणेन तर खोटे होईल. पण आता तो येताना कळतो. कानशिले तापतात, श्वास भरभर चालतो. तेवढ्यात वाटी हळूच खाली ठेवता येते. रोज सकाळी सासूबाई उठण्याआधी मी अर्धा तास बसते.

एक सावधगिरीची गोष्ट सांगते. हे औषध नव्हे. ज्यांना मनाचा आजार आहे किंवा ज्यांची औषधे चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, अर्जात काही लपवू नये आणि आपल्या मनाने औषध बंद करू नये.

दहा दिवस ज्यांना निघता येत नाही, त्यांनीही निराश होऊ नये. बोरिवलीहून गोराईची खाडी होडीने ओलांडली की २००९ साली खुला झालेला मोठा पॅगोडा आहे. तिथे नव्या माणसांना श्वास पाहण्याचा पहिला धडा देतात. सांताक्रूझची योग संस्था तर योगेंद्रजींनी १९१८ साली आपल्या वर्सोव्यालाच सुरू केली होती. तिथे आसने, प्राणायाम शिकता येतो.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे. त्यांना इगतपुरी राहू द्या, एक दुपारसुद्धा मिळत नाही. आपण एक वही घालू या. जिला जमेल तिने आठवड्यातली एक दुपार लिहावी आणि शेजारणीला मोकळे करावे. बुधवारची दुपार माझी रिकामी असते. पहिले नाव माझे लिहा.