चवथीचे खतखते आणि गव्हाचे पथ्य



सणाच्या स्वयंपाकाविषयी बोलावयाचे म्हटले, की पक्वान्नांची आठवण प्रथम होते. भाजीचा विचार आपण सहसा अखेरीस करतो. आज मात्र मी भाजीविषयीच बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. अलीकडे पुष्कळ घरांत असे एखादे माणूस असते, की ज्याला गहू वर्ज्य झालेला आहे. कुठे शाळेत जाणारी मुलगी असते, कुठे नव्याने घरात आलेली सून, तर कुठे साठी उलटलेले गृहस्थ. सणाच्या दिवशी पंगत बसते, पाने वाढली जातात, आणि या एका पानावर पांढरा भात, वरण आणि मीठ एवढेच उरते. वाढणाऱ्याला वाईट वाटते, जेवणाऱ्याला संकोच वाटतो. अशा पानावर निःशंकपणे वाढता येईल आणि बाकीची पंगतही आवडीने मागून घेईल, असा एक पदार्थ गोमंतकात आणि कोकणात पिढ्यान्पिढ्या होत आला आहे. तो म्हणजे चवथीचे खतखते.

पदार्थाकडे वळण्यापूर्वी पथ्याविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. गव्हात ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली असता तिला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना जी ताणली जाते, ती याच प्रथिनामुळे. बहुतेकांना ते निर्धोक असते. परंतु काहींच्या शरीराला ते सोसत नाही. त्यांच्या लहान आतड्याच्या आतील अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे जे सूक्ष्म अंकुर असतात, ते ग्लूटेनमुळे झिजत जातात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. मुले वाढत नाहीत, पोट बिघडलेले राहते, रक्त कमी होते. या विकाराला सीलियाक रोग म्हणतात. त्यावर आजही मुख्य उपाय एकच, तो म्हणजे ग्लूटेन आयुष्यभर टाळणे.

हे कारण ध्यानात आले ते विसाव्या शतकाच्या मध्याला. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना या मुलांच्या आहारातील गव्हाविषयी आधीपासूनच संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात अन्नाची भीषण टंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. त्या काळात ही आजारी मुले सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पुन्हा खालावली. डिके यांच्या तर्काला त्यामुळे बळ मिळाले. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला आणि पुढे थोड्याच काळात गव्हातील ग्लूटेन हेच त्याचे मूळ होय, असे सिद्ध झाले.

हा आजार परदेशातला, आपल्याकडे कोठून येणार, असे कोणी समजू नये. उत्तर भारतातील गहू खाणाऱ्या प्रदेशांत झालेल्या पाहण्यांत शंभरांमागे सुमारे एकास हा विकार आढळला आहे. दक्षिणेतील तांदूळ खाणाऱ्या भागांत तो पुष्कळच विरळ आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडील श्रोत्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मात्र नुसत्या शंकेवरून आपण होऊन गहू सोडू नये. रक्ताची आणि आतड्याची तपासणी गहू खाण्यात असतानाच नीट होते. आधी गहू बंद केला, तर तपासणी फसवी ठरण्याचा संभव असतो. म्हणून आधी वैद्यकीय सल्ला, मग पथ्य, हाच क्रम योग्य.

आता सणाच्या पानाकडे पाहू. पुरणपोळी, करंजी, नेवरी, तळणीचे मोदक, रव्याचा शिरा, कुरडई यांत गहू आहे, हे कोणीही सांगेल. परंतु तो जेथे दिसत नाही तेथेही असतो. मेतकुटात मूठभर गहू भाजून घातलेले असतात. थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतात. सातू म्हणजे जव, त्यातही हेच वैर आहे. आणि सर्वांत फसवा म्हणजे हिंग. शुद्ध हिंगाचा चीक अतिशय उग्र असतो, त्यामुळे बाजारात मिळणारा हिंग पीठ आणि डिंक मिसळून केलेला असतो. ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते, क्वचित तांदळाचे. चिमूटभर हिंगाची फोडणी वरणाला दिली, की ज्या वरणभाताचा आधार होता तोही गेला! म्हणून हिंगाच्या डबीवरील घटकांची यादी वाचल्याखेरीज तो वापरू नये. ज्या पदार्थावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहावयाचे, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या देशातील नियम आहे. यावरून किती थोडक्याने बिघडते, याची कल्पना यावी.

खतखते येथेच उपयोगी पडते. त्याला फोडणी नाही, म्हणून हिंग नाही. कांदा नाही, लसूण नाही, तयार मसाला नाही. रस दाट होतो तो डाळीने आणि नारळाने, पिठाने नव्हे. कोणा वैद्याने पथ्यासाठी बसवलेला हा पदार्थ नव्हे. भाद्रपदात परसात आणि रानात जे पिकते, ते गणपतीला अर्पण करावयाचे, या भावनेतून तो आलेला आहे. गोव्यात गणपतीवर जी माटोळी बांधतात तिच्यात रानफळे आणि भाज्या टांगतात. खतखत्यातही तोच ऋतू पातेल्यात उतरतो. नावातच त्याच्या शिजण्याचा आवाज ऐकू येतो.

आठ-दहा माणसांसाठी प्रमाण असे. तूरडाळ एक वाटी. सुरण पाव किलो. कणगी पाव किलो, ती न मिळाल्यास रताळी. तांबडा भोपळा पाव किलो. कच्चे केळे एक. शेवग्याच्या शेंगा दोन. कोवळ्या मक्याचे कणीस एक. मुळा किंवा नवलकोल एक. घेवड्याच्या शेंगा मूठभर. निदान पाच भाज्या असाव्यात, अधिक असल्यास उत्तम. वाटणासाठी मध्यम नारळाचे ओले खोबरे, सहा ते आठ सुक्या बेडगी मिरच्या आणि अर्धा चमचा हळद. याखेरीज सहा-सात आमसुले, सुपारीएवढे दोन खडे गूळ, मीठ आणि दहा-बारा तिरफळे.

डाळ तासभर भिजत घालावी आणि मऊ शिजवावी, मात्र घोटू नये. सुरण चिरताना हाताला तेल लावावे. सुरणात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, खाज सुटते ती त्यांच्यामुळे. फोडी चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून धुऊन घ्याव्यात आणि पुढे पुरत्या शिजवाव्यात. अर्धकच्चा सुरण घशाला खवखवल्यावाचून राहत नाही. बाकीच्या भाज्यांच्या फोडी जरा मोठ्याच ठेवाव्यात. खतखत्यात प्रत्येक भाजी ओळखू आली पाहिजे.

तिरफळांच्या आतील काळे बी काढून टाकावे, ते कडवट असते. साले जाडसर ठेचून अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजत ठेवावीत. या पदार्थाचा जीव तिरफळात आहे. जिभेला किंचित मुंग्या आणणारा तो वास दुसऱ्या कशाने येत नाही.

आता शिजवण्याचा क्रम. रुंद पातेल्यात भाज्या बुडतील इतके पाणी उकळत ठेवून, हळद आणि मीठ घालून, प्रथम सुरण, मक्याचे तुकडे आणि मुळा टाकावा. दहा मिनिटांनी कणगी, केळे, घेवडा आणि शेवगा. त्या अर्ध्या शिजल्या, की शेवटी भोपळा. भोपळा आधी घातला, तर तो विरघळून जातो आणि सुरण कच्चा राहतो. आंबट कधी घालावे, याविषयीही एक नियम आहे. भाज्या आणि डाळ पूर्ण शिजल्याशिवाय आमसूल घालू नये, कारण आंबटात त्या लवकर मऊ होत नाहीत. सर्व भाज्या बोटाने दबू लागल्या, की डाळ मिसळावी, मग आमसूल आणि गूळ. खोबरे, मिरच्या आणि हळद अगदी बारीक वाटून ते वाटण घालावे आणि मंद आचेवर दहा मिनिटे खतखतू द्यावे. अखेरीस तिरफळे पाण्यासकट ओतावीत, दोन उकळ्या काढाव्यात आणि लगेच झाकण घालावे. तासभर तसेच राहू दिल्यास वास आत मुरतो. जेवताना तिरफळाचे साल पानात बाजूला काढतात, ते खात नाहीत.

रस पातळ वाटला, तर पिठाच्या डब्याकडे हात नेऊ नये. चमचाभर तांदूळ भिजवून वाटणाबरोबरच वाटावे. गोव्यातील आमटीला हीच युक्ती करतात.

गोमंतक सोडून दूर वसलेल्या आपल्या लोकांना तिरफळे आणि कणगी कोठून मिळणार, हा प्रश्न आहे. तिरफळे सुकलेली असतात. ती वर्षभर टिकतात, म्हणून गावाकडून येणाऱ्याकडून मागवून घट्ट बरणीत ठेवावीत. भाज्यांविषयी अडण्याचे कारण नाही. बेळगावकडे रताळी मुबलक. ग्वाल्हेरला भाद्रपदात कोवळी कणसे आणि अळकुड्या मिळतात. हैदराबादेत सुरण, कच्ची केळी आणि शेवगा मिळतो. माळव्यात थंडीत गराडू येतो, तेव्हा संक्रांतीच्या सुमारास इंदूरकरांनी तो घालून पाहावा. बडोद्याला जांभळा कंद मिळतो, तोही चालेल. मात्र बडोदेकरांनी एक ध्यानात ठेवावे. उत्तरायणाला होणारे उंधियू ही सुद्धा कंदमुळांचीच भाजी, पण तिच्यातील मेथीच्या मुठियांत बेसनाबरोबर गव्हाचे पीठ बहुधा असते. पथ्याच्या माणसासाठी त्या मुठिया नुसत्या बेसनाच्या कराव्या लागतील.

पदार्थ निर्दोष असला तरी हात आणि भांडी निर्दोष असावी लागतात. सणाच्या दिवशी एकाच ओट्यावर कणीक मळली जाते, पोळपाटावर पीठ भुरभुरते. म्हणून खतखते सकाळी लवकर, पोळ्यांचा पसारा मांडण्यापूर्वीच करून झाकून ठेवावे. त्यासाठी डाव स्वतंत्र असावा. ज्या कढईत पुऱ्या तळल्या त्याच तेलात पथ्याच्या माणसाचे पापड तळू नयेत. तांदूळ किंवा ज्वारी गिरणीतून दळून आणताना आधी गहू दळला गेला असेल, तर त्याचे पीठ आपल्या पिठात येते. शक्य तर घरीच दळावे. आणि पंगतीत वाढताना हे पान सर्वांच्या आधी वाढावे. पोळीला लागलेला हात मग भाजीच्या डावाला लागत नाही. पहिले पान वाढले गेल्याने त्या माणसाचा मानही राहतो.

आता जे सांगावयाचे ते थोडे नाजूक आहे. आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचा भाग आहे. “एवढ्याशाने काय होते?” “सणाचा दिवस आहे, आज चालेल.” “प्रसाद आहे, देवाच्या प्रसादाने कधी अपाय होत नाही.” ही वाक्ये बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो आणि रवा म्हणजे गहूच. तो हातावर घेऊन उभ्या असलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या जागी आपण क्षणभर उभे राहून पाहावे. खाल्ला तर पोटाला अपाय, न खाल्ला तर सर्वांचे डोळे त्याच्यावर. लग्न होऊन आलेल्या मुलीची स्थिती याहून अवघड. तिचे पथ्य हा पुष्कळांना नखरा वाटतो. पहिल्याच सणाला ती सर्वांदेखत ‘नको’ म्हणू शकत नाही, खाते आणि मग आठवडाभर आजारी पडते. आतड्याचे हे दुखणे बाहेरून दिसत नाही, म्हणून त्यावर विश्वास बसण्यास वेळ लागतो. घरातील वडील माणसांनी हा विश्वास आधी दाखवला, तर बाकीचे आपोआप मागे येतात. तिने काही म्हणण्यापूर्वी सासूने अथवा आजीने “हिला यातले चालत नाही, हिच्यासाठी हे केले आहे” असे सहजपणे सांगितले, की प्रश्न मिटला.

त्याहून चांगले म्हणजे, तिच्यासाठी म्हणून वेगळे काही न करता, सर्वांसाठी जे करावयाचे तेच तिला चालेल असे करणे. नैवेद्यात तांदळाच्या पिठीचे उकडीचे मोदक असावेत, हळदीच्या पानातील पातोळ्या असाव्यात, भात-वरण हिंगाशिवाय असावे आणि मध्ये वाटी भरून खतखते. या पानात काही उणे आहे, असे कोण म्हणेल? पथ्य पाळणाऱ्याला वेगळे वाढलेले ताट एकटेपण देते. एकाच पातेल्यातून सर्वांना वाढलेली भाजी ते घालवते.

खतखते करताना दहा भाज्या निवडाव्या लागतात, नारळ वाटावा लागतो, वेळ जातो, हे खरे. परंतु निवडणे-चिरणे हे चार हातांचे काम आहे, आणि घरातील पुरुषांनी व मुलांनी त्याला हात लावण्यास काहीच हरकत नाही. ज्या मुलाला गहू चालत नाही त्यालाच मक्याचे दाणे सोलावयास आणि तिरफळांचे बी काढावयास बसवावे. आपल्या पोटात काय जाते, हे त्याला लहानपणीच हाताने कळलेले बरे. पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ते परगावी गेले, म्हणजे हेच ज्ञान त्याच्या उपयोगी पडेल.

उरलेले खतखते थंड जागी नीट झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते अधिक मुरते, आणि जाणते खवय्ये त्याचीच वाट पाहत असतात.