राग शमवायचा, माणूस नव्हे



वादळ शमतं, तहान शमते, दंगल शमते, राग शमतो. ‘शमणे’चं प्रयोजक रूप ‘शमवणे’, आणि ते वापरताना मराठी एक पथ्य पाळते, जे मला फार मोलाचं वाटतं. आपण धाकट्याचा राग शमवतो. धाकट्याला शमवलं असं कुणी म्हणत नाही. माणसाची समजूत काढायची, शमवायचं ते त्याच्या मनात उसळलेलं.

मूळ धातू संस्कृत ‘शम्’. शांत, शांती, शमन ही त्याचीच लेकरं. यातल्या शमनाला आयुर्वेदाने नेमका अर्थ दिला. वाग्भट ‘अष्टांगहृदया’त शोधन आणि शमन असे दोन उपचार वेगळे सांगतो. शोधनात वमन, विरेचन देऊन दोष शरीराबाहेर काढतात. शमनात काही बाहेर काढायचं नसतं. जे दोष सम आहेत त्यांना चाळवायचं नाही, विषम झालेत त्यांना सम करायचं. त्याचे सात प्रकार तो देतो. त्यांत भूक सोसणं, तहान सोसणं, ऊन घेणं, वारा घेणं हेही आलं. किती साधे उपाय, आणि किती सबुरीचे!

जे ठीक आहे त्याला चाळवायचं नाही, ही अट गावच्या भांडणात हमखास मोडते. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगावी समित्या बसल्या. समजा, दोन सख्खे भाऊ आहेत आणि वाद बांधाचा आहे. मोजणी होते, खुणेचे दगड रोवले जातात, कागदावर सह्या होतात, वाद मिटतो. पण तेवढ्यात एखादा पंच बोलता बोलता वडिलांच्या वेळची वाटणी उकरतो, घरातल्या बायकांची नावं घेतो. बांधाचा वाद मिटला, पण जावाजावांचं बोलणं तुटलं. याला शमवणं कसं म्हणायचं?

अग्निशमन दलाचे जवान ज्वाळा दिसेनाशा झाल्यावरही पाणी मारत राहतात. कापसाच्या गाठींत, लाकडाच्या वखारीत आतली धग तासन्‌तास टिकते, हे त्यांना ठाऊक असतं. पंचांनीही सह्या झाल्यावर त्या शेतावर पुन्हा जायला हवं. आणि तेही मिरगाच्या आधी, मशागतीला नांगर बांधाला भिडतो तेव्हा.