उद्या सकाळी आरसा घ्या

श्रोतेहो, आधी एक विनंती. माझे काही शब्द तुम्हांला बोबडे ऐकू येतील. दोष तुमच्या रेडिओचा नाही. माझ्या डाव्या गालाच्या आत कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि आता तो मानेतल्या गाठींतून फुप्फुसापर्यंत पोचला आहे. डॉक्टरांनी मला आणि आमच्या मंडळींना समोर बसवून सांगितले, "मास्तर, रोग आता हटणार नाही, पण त्रास कमी ठेवता येईल."

एकतीस वर्षे मी खेड्यातल्या शाळेत शिकविले, आणि एकतीस वर्षे खिशात चंची बाळगली. व्यसनाचे दुष्परिणाम हा धडा शिकवायचा आणि मधल्या सुट्टीत एखाद्या पोराला दुकानावर पिटाळून पुडी आणवायची! त्या पोरांपैकी काहीजण आज स्वतः तंबाखू मळतात. दुखण्यापेक्षा हेच मला जास्त बोचते.

जिथे मी तंबाखूची गोळी धरीत असे, नेमका तिथेच पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता. दुखत नाही ते कसले दुखणे, असे म्हणून मी सोडून दिले. पुढे तिखट झोंबू लागले. मग भाकरीचा मोठा घास तोंडात जाईना. उष्णता झाली म्हणून गुलकंद खाल्ला, तूप लावले. असे आठ महिने गेले. रोग लहान असतानाच गाठला, तर तोंडाचा कर्करोग पुष्कळदा बरा होतो. ते आठ महिने आता मला कोण परत देणार?

म्हणून खुणा लक्षात ठेवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गळ्याला गाठ, गिळताना अडखळणे. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तेही चिन्ह चांगले नव्हे. सुपारीने तोंड असे आखडते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली खरी, पण तंबाखू, सुपारी आणि आयाबहिणींची मिश्री घरोघर आहेच. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, बरं का!

भगिनींनो, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी विषाणूची तपासणी एकदाच केली, आणि गरज होती तिथे उपचार केले, तरी त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. काही त्रास नसताना तपासणीला जाण्याचा उपयोग हा असा.

आता भीतीबद्दल. माझ्याच घरी प्रथम माझा पेला वेगळा ठेवला होता. धाकट्या नातवाने त्यातून पाणी पिताच त्याच्या पाठीत धपाटा बसला. मी काही बोललो नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. मंडळी, एकत्र जेवल्याने, पेला वापरल्याने कर्करोग होत नाही. तपासणीसाठी तुकडा काढला की रोग पसरतो, हीही समजूत चुकीची. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही.

दुखणे थोपविण्यासाठी मी मॉर्फीनच्या गोळ्या घेतो, डॉक्टरांनी दिल्या तशा, घड्याळ पाहून. "सवय लागली तर?" असे मंडळींनी विचारले. डॉक्टर म्हणाले, "वेदनेसाठी, आमच्या देखरेखीत घेतलेले औषध म्हणजे व्यसन नव्हे." आता रात्री झोप लागते. सकाळी गाळलेली पेज घेतो, दुपारी नातवाचे गणित घेतो. खरे सांगितले म्हणूनच मला जमिनीचे कागद करता आले, सोसायटीचे देणे फेडता आले, भावाशी धरलेला अबोला सोडता आला. रोग्यापासून रोग लपवू नका.

शिक्षक मित्रांनो, मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना या खुणा सांगा. आणि खिशात पुडी असेल तर आधी ती टाका. आपण काय सांगतो यापेक्षा आपण काय करतो, तेच पोरे बघत असतात.

उद्या सकाळी तोंड धुताना आरसा घेऊन उजेडात उभे राहा, गाल आणि जीभ नीट पाहा. काही वेगळे दिसले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तुमच्यापैकी एकानेही हे केले, तर माझे बोबडे बोल कारणी लागले असे मी समजेन. नमस्कार.